किल्यारीचं जावळ

रिफा, बहारीन
१५ जानेवारी २०२४

कस्तुरी,

आज संक्रांत. तिळगूळ घे. गोड बोल म्हणायची सोय तू तुझ्या पत्रात ठेवलेली नाहीस, म्हणून तेवढं गाळते.

‘ताई, किल्यारीला मी तुझ्याकडे बरी व्हायला ठेवली होती, दत्तक दिली नव्हती. आता तिला पाठव.’ किती सुटसुटीत. जणू डबा ठेवला होतास माझ्याकडे, धुऊन परत कर म्हणतेस. मी हे वाक्य शैलेंद्रला, तुझ्या भावोजींना, वाचून दाखवलं. तो अर्धी गुळपोळी ताटात टाकून उठला. त्याला हल्ली ॲसिडिटी होते.

तुला विसर पडला असेल तर सांगते. पोरगी आली तेव्हा अडीच वर्षांची होती आणि तिचे ओठ जांभळे होते. हृदयाजवळची जी नळी जन्मल्यावर आपोआप बंद व्हायची, ती उघडीच राहिलेली. फार उंचावर जन्मलेल्या मुलांत हे जास्त होतं, असं तुझ्याच तिथल्या डॉक्टरनं तुला सांगितलेलं. तरी तू त्या चाकीमायुतच बाळंत झालीस, पेरूमधल्या त्या डोंगरावर, जिथे आपल्यासारख्याला दोन जिने चढले की धाप लागते. मुंबईत ती नळी बंद करून घ्यायला कोण धावलं? मी. तू काय केलंस? तुला दुसऱ्यांदा दिवस गेलेले, बटाट्याची लावणी आलेली, तुझं ते पाण्याच्या वाटांचे नकाशे काढायचं काम अडलेलं. ‘वर्षभर सपाटीवर राहू दे म्हणतात, ताई. तू ठेवतेस?’ ठेवली. बहारीनइतकी सपाट जागा देवानं दुसरी केलेली नाही.

वर्ष उलटलं हे मलाही दिसतं. पण डॉक्टर म्हणतात, अजून बघू. कुठले डॉक्टर ते विचारू नकोस, तुला इथली माणसं ठाऊक नाहीत. बाकी पोरगी मजेत आहे. शाळेच्या स्पोर्ट्स डेला पळण्यात पहिली आली, हुसेनच्या दोन्ही मुलांना मागे टाकलं. हुसेन म्हणजे आमचा घरमालक, खालच्या मजल्यावर राहतो. पळाल्यावर तिला दम लागतो मात्र. म्हणून म्हणते, एवढ्यात उंची नको.

शाळेत तिचं नाव पूर्णिमा लावलंय. तूच म्हणाली होतीस ना, किल्या म्हणजे चंद्र? मग झालं. टीचरला उच्चारायला बरं पडतं, आणि घरातही आम्ही तेच म्हणतो. निदान मी म्हणते.

फोन करत जाऊ नकोस. तुला सिग्नल मिळतो तो त्या खिंडीत चढल्यावर, तान्ह्या पोराला पाठीशी बांधून चढतेस म्हणे, आणि तुझी सकाळ म्हणजे आमची दुपार. त्या वेळी ती झोपते. शिवाय फोनवर तू रडतेस आणि मग तिला जेवण जात नाही. पत्र लिही. पोचायला महिना लागला तर लागू दे, माणूस विचार करून लिहितो.

आणि हो, तिचा पासपोर्ट शैलेंद्रच्या कपाटात आहे. किल्ली माझ्याकडे असते. सहज सांगून ठेवलं.

ताई

*

रिफा
२१ मार्च २०२४

कस्तुरी,

पूर्णिमाला वाचून दाखव म्हणून पाठवलेली पानं मिळाली. आधी मी वाचली. मग कपाटात ठेवली. लहान मुलांना इतका भूगोल सोसत नाही.

काय काय लिहिलंयस ग. खाली नदीकाठी मका. त्याच्या वर उतारावर बटाटे, तेही किती रंगांचे. त्याच्या वर नुसतं गवत आणि लोकरीसाठी पाळलेले अल्पाका. आणि सगळ्यांच्या डोक्यावर तो बर्फाचा डोंगर, ज्याला तुम्ही ‘आपु’ म्हणता आणि कुठल्याही घोटाआधी थोडं जमिनीवर सांडून पाजता. सकाळी मक्यातून निघालेला माणूस दुपारी बर्फापाशी पोचतो, एका दिवसात तीन हवा बघतो. थंडीत बटाटे उघड्यावर पसरतात, रात्री गोठले की दिवसा बायाबापड्या अनवाणी तुडवून त्यांचं पाणी काढतात, वाळवून वर्षानुवर्षं खातात. कालवा साफ करायला अख्खं गाव जमतं, आणि ज्याच्या घरचं कोणी आलं नाही त्याच्या शेताला पाणी नाही. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. याला म्हणे ‘आयनी’ म्हणतात, आणि असं जगात कुठे नाही.

अगं शहाणे, कराडला आपल्या आजोळी याला इर्जिक म्हणायचे. मामा बोलवायचा तेव्हा तू पुस्तक घेऊन माळ्यावर लपायचीस. आता तिथे जाऊन परक्यांचे बटाटे तुडवतेस आणि मला कौतुक सांगतेस. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते तुझ्याकडे बघून.

आई शेवटची इथे माझ्याकडे होती तेव्हा तिनं तुझं नाव घेऊन हाका मारल्या. तू कालव्याची लांबी मोजत होतीस. आईचं मी केलं, पोरीचं मी केलं. तू फक्त वर्णनं केलीस.

तो हातानं रंगवलेला नकाशा मात्र तिनं पाहिला, कारण पाकीट तिच्यासमोर फुटलं. घर, तळं, कालवा, आपु. आठवडाभर उशाशी घेऊन झोपली. मग मी तो गादीखालून काढला. तर पोरगी आता ताटात करते. वरच्या बाजूला भाताची मूद, तो आपु. त्याच्या खाली बटाट्याच्या फोडी ओळीनं. खाली मक्याचे दाणे हवे असतात, ते नसले तर हट्ट करते. मी वरण ओतते आणि कालवून टाकते. अन्नाशी खेळायचं नाही, एवढी शिस्त आपल्या घरात होती.

तुझा मुख्य मुद्दा आता. ऑगस्टात तिचे केस कापायचे आहेत, गाव ठरलंय, माणसं ठरलीत, मक्याची दारू आधीपासून लावायची आहे. मी नीट वाचलं. जन्मल्यापासून एकही केस कापायचा नाही. मग एक दिवस सगळ्यांसमोर, जिला मान दिला ती बाई पहिली बट कापणार, ती तिची ‘माद्रिना’. मग एकेक जण एकेक बट कापून तिला काही ना काही देणार, कोकरू, अल्पाका, शेताचा तुकडा. त्या दिवसापासून पोरगी गावात मोजली जाते. आईनं पहिली बट कापायची नाही, कारण आई आणि माद्रिना एकच बाई असून चालत नाही, मुलाला दोन वेगळ्या बायका मिळाल्या पाहिजेत. छान आहे. आपल्याकडे याला जावळ म्हणतात. मामाच्या मांडीवर बसवतात, न्हावी काढतो, आणि इतकं नाटक नसतं.

चार वर्षांची पोर वेणी गुंतवून फिरते. दर आठवड्याला तेल लावून गाठी सोडवता सोडवता माझे हात दुखतात. ऑगस्टात इथे भट्टी असते. तोपर्यंत बघू, इंशाल्ला.

ताई

*

रिफा
१० मे २०२४

कस्तुरी,

‘तुला मूल झालं नाही, म्हणून माझं दाबून बसलीस.’

लिहिलंस ना शेवटी. इतकी वर्षं जिभेच्या टोकाशी होतं, आज उचलली जीभ लावली टाळ्याला. बरं झालं. आता मलाही हातचं राखून लिहायचं कारण नाही.

ती मला आई म्हणते. मी शिकवलं नाही असं म्हणणार नाही, शिकवलं. शाळेत सगळ्यांना आई असते, तिनं काय मावशी मावशी करत फिरायचं? माय मरो पण मावशी जगो, ही म्हण आपल्याच लोकांनी केलीय. माय मेली नसली तरी आठ हजार मैलांवर बसून अल्पाका हाकत असेल, तर फरक काय पडतो?

तुमची भाषा आता ती बोलत नाही. तेही सांगते कसं ते, म्हणजे पुन्हा विचारायला नको. तूच एकदा लिहिलं होतंस की तुझा नवरा विल्बर लहान असताना केचुआ बोलला की मास्तर त्याला मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावायचे, आणि अशानं तिथल्या एका अख्ख्या पिढीनं पोरांशी आपली भाषा बोलणं सोडलं. तू रागानं लिहिलं होतंस. मी वाचलं आणि म्हटलं, म्हणजे उपाय आहे तर.

मी दाण्यांवर नाही बसवलं. मी राक्षस नाही. मला फक्त ऐकू येईनासं झालं. ती शाळेतून आली, ओट्यापाशी उभी राहिली आणि ‘उनु’ म्हणाली. पाण्याला तुमच्यात उनु म्हणतात, मला काय माहीत नाही? मी गवार मोडत होते. ती पुन्हा म्हणाली. मी मोडत राहिले. मग माझा पदर ओढला, ग्लासकडे बोट केलं. मी विचारलं, काय हवंय माझ्या बाळाला, नीट सांग. तीही तुझीच, हट्टी. कोपऱ्यात जाऊन बसली. गवार झाली, कुकर झाला, पोळ्या झाल्या. शेवटी आली आणि म्हणाली, ‘पाणी.’ दिलं मी. बर्फ घालून दिलं, वर पापा घेतला. असं चार-पाच वेळा झालं असेल. आता सगळं खलास, एक शब्द राहिला नाही.

शैलेंद्र त्या दिवशी ऑफिसातून लवकर आला होता. सुकलेले ओठ त्याला दिसले. तो जेवला नाही. सांगितलं ना, ॲसिडिटी. एका अकाउंटंटला काय कळतं मूल वाढवण्यातलं.

तू रेकॉर्ड करून पाठवलेली गाणी मी काढून टाकली. तुझे मिस्ड कॉल दिसतात. एवढ्या थंडीतही खिंडीत चढतेस, असं शैलेंद्र म्हणत होता. त्याला कसं कळलं, हे मी विचारायचं राहून गेलं.

परवा गाडीतून जाताना तिला जेबेल दुखान दाखवला. हा इथला सगळ्यात उंच डोंगर, आपल्या कराडच्या आगाशिवाच्या गुडघ्यालाही लागणार नाही. तिनं विचारलं, ‘आई, this one is the baby apu?’ मी म्हटलं, हा नुसता दगड आहे, पूर्णिमा. दगडच असतात सगळे.

डॉक्टरांचं पुन्हा विचारलंस. डॉक्टर नको म्हणतात. कायमचं नको म्हणतात. मिळालं उत्तर?

उल्का

*

रिफा
२० जून २०२४

कस्तुरी,

सोबत फोटो आहे. आधी फोटो बघ, मग पुढचं वाच.

जावळ काढलं. पाचवं लागलं तिला, विषम वर्ष, शास्त्राला धरून आहे. उन्हाळा इतका आहे की दारातून गाडीपर्यंत जाईतो अंगाला धारा लागतात. एवढ्या केसांचं ओझं मुलीनं का वागवावं? आता तुमच्या गावाला कळव, ऑगस्टात कापायला काही शिल्लक नाही. दारू लावली असेल तर प्या बसून.

आपल्याला भाऊ नाही, म्हणून मामा मानलेला आणला. आपल्या मंडळातला गौरव, बँकेत आहे, पुण्याचा. त्याला सांगितलं, नुसतं मांडीवर घेऊन बसायचं. मनामाच्या सूकमध्ये, बाजारात गेलो, तिथला मल्याळी न्हावी शैलेंद्रचे केस कापतो. शैलेंद्र आला नाही. म्हणाला, ‘उल्का, हे तू करू नकोस. हे केस आपले नाहीत.’ लग्नाला वीस वर्षं झाली, इतकं स्पष्ट तो पहिल्यांदा बोलला. मी ऐकलं नाही.

तिनं आकांत मांडला. गौरवच्या हाताला चावली. दोन्ही मुठींत वेणी धरून ठेवली, बोटं सोडवेनात. न्हाव्यानं मशीन खाली ठेवलं आणि म्हणाला, ‘चेची, बच्चा इतना डरता है, मैं नहीं करेगा.’ गौरवही म्हणायला लागला, ताई, राहू दे आज, पुन्हा येऊ. सगळेच दयाळू. मग मी न्हाव्याच्या हातातली कात्री घेतली आणि मानेपाशी कापली वेणी. कापताना आवाज येतो हे मला माहीत नव्हतं. वेणी तिच्याच मुठीत राहिली. त्यानंतर ती गप्प बसली, न्हाव्यानं बाकीचं डोकं करून दिलं.

येताना तिनं गाडीच्या आरशात पाहिलं. रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘Now Mama won’t know which one is me.’

हे लिहिणार नव्हते. पण मग म्हटलं लिहावं, तुला कळू दे. मूल झालं नाही म्हणालीस ना मला. आता तू सांग, तुझं ते कोण आहे, कशी ओळखशील.

उल्का

*

रिफा
९ ऑगस्ट २०२४

कस्तुरी,

तुझा नवरा आला आणि गेला. एव्हाना पोचलेही असतील ते. तुला सगळं कळलेलं असणार, तरी मी लिहिते. कारण विल्बर दोन वाक्यांच्या वर बोलत नाही आणि शैलेंद्रनं तुला काय रंगवून सांगितलं असेल देव जाणे. तो तुझ्याशी महिनोन्‌महिने फोनवर बोलत होता, दुपारी, ऑफिसच्या जिन्यात उभा राहून. डॉक्टरांनी फेब्रुवारीतच ‘न्या, काही हरकत नाही’ म्हटलं होतं, हेही त्यानंच तुला सांगितलं ना? विल्बरचा व्हिसाही त्यानंच केला. आणि मी त्याला ॲसिडिटीच्या गोळ्या देत होते.

गेल्या शुक्रवारी सकाळी शैलेंद्र म्हणाला, मुहर्रकला जाऊन येतो, ऑफिसचा एक माणूस विमानतळावर उतरायचाय. दार उघडलं तर हा. कान झाकणारी विणलेली टोपी, बाहेर त्रेचाळीस असताना. पाठीवर पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचं गाठोडं. इथला एसी लागला तर त्याला थंडी वाजली नाही, उलट बरं वाटलं असावं.

पोरगी माझ्यामागे लपली. ‘आई, who is that uncle?’

खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटल्या. त्याच्याकडे बघत होते, त्याच्या तोंडावर काय उमटतंय ते बघायला. तो तिच्या डोक्याकडे बघत होता. केस बोटाच्या पेरभर आलेत आता. तो काही म्हणाला, तुमच्या भाषेत, हळू. तिला एक अक्षर कळलं नाही. पुन्हा म्हणाला. ती माझ्या पदरात शिरली. मी म्हटलं, यल्ला, जेवायला बसा, लांबून आलात.

तिथेच माझं चुकलं. भात, वरण आणि बटाट्याची भाजी होती. तो खुर्ची सोडून खाली बसला, म्हणून तीही खाली बसली. पाहुणा कसा जेवतो बघत होती. आणि सवयीनं तिनं आपला भात वर लोटला, बटाटे खाली मांडले, वरणाचं बोट ओढून डावीकडून एक रेघ काढली. मी उठलेच होते कालवायला. त्याआधी यानं हात लांब केला, ती रेघ पुसली आणि उजवीकडून काढली, आपुच्या मागून वळवून बटाट्यांपर्यंत आणली. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, ‘उनु.’

कस्तुरी, मी तो शब्द मारला होता. माझ्या हातानं मारला होता.

तो हसला नाही की रडला नाही. मान हलवली आणि म्हणाला, उनु. मग ती एकेक करून दाखवायला लागली, तो नाव सांगायला लागला, ती म्हणायला लागली. चुकलं की दोघं हसायचे. मी पोळ्या घेऊन उभी होते, कोणी घेतल्या नाहीत.

जेवणं झाल्यावर त्यानं शैलेंद्रला काही सांगितलं, शैलेंद्रनं भाषांतराचं ॲप लावून फोन पुढे केला. फोनमधली बाई मराठीत बोलायला लागली, बँकेत नंबर पुकारतात तसल्या आवाजात. ‘पहिले केस कोणी कापले?’ पोरीनं माझ्याकडे बोट केलं. न्हाव्याकडे नाही, गौरवकडे नाही, सरळ माझ्याकडे.

त्यानं टोपी काढली. उठून माझ्यासमोर आला, वाकला, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, ‘माद्रिना.’ मला वाटलं हरला, शरण आला. मानानं सांगतोय की ठेवा. मी म्हटलंही, बसा, चहा टाकते.

तो फोनकडे बोलला आणि ती बाई म्हणाली, ‘गावाने दुसरी बाई ठरवली होती. तुम्ही आधी कापले. आता ते परत होत नाही. तुम्ही माद्रिना आहात. माद्रिना आई नसते. तुम्ही कधीही आई होणार नाही.’

तू मार्चात हेच लिहिलं होतंस. मी वाचलं होतं, तुला चिडवायला परत लिहूनही पाठवलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्या खुर्चीत मी कात्री नसती उचलली, तो मल्याळी उद्या-परवा कापून मोकळा झाला असता, तर त्याला तरी माद्रिना करून नेलं असतंत.

मी म्हटलं, तुमची रीत तुमच्या डोंगरावर. इथे मी तिची आई आहे, विचारा तिला. तिच्यासमोर बसले. पूर्णिमा, मी कोण? तिनं बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चार वर्षांच्या मुलाला खोटं बोलता येत नाही, हे मला तेव्हा फार जाचलं. म्हणाली, ‘माद्रिना.’ शब्द आवडला तिला. दोनदा म्हणाली.

मी खाली हुसेनकडे गेले. म्हटलं, तुम्ही इथले, पोलिसांना ओळखता, एक परका माणूस मूल घेऊन चाललाय. तो वर आला, विल्बरशी हात मिळवला, पोरीचा चेहरा पाहिला, बापाचा पाहिला. दोघांचं नाक एकच आहे, ते मलाही पहिल्या दिवसापासून दिसतं. मला म्हणाला, ‘मादाम, बाप आया है. खलास.’ आणि बिस्किटांचा पुडा आणायला मुलाला पाठवलं.

पासपोर्ट आधीच काढून ठेवलेला होता. किल्ली माझ्या गळ्यातच होती. शैलेंद्रनं दुसरी करून घेतली होती.

जाताना विल्बरनं केस मागितले. ते आईनं जपायचे असतात म्हणे, नाहीतर डोंगराला द्यायचे. मी सांगितलं, मफी, नाहीत. न्हाव्यानं झाडून टाकले. त्यानं स्वतःची टोपी तिच्या डोक्यावर घातली, ती नाकापर्यंत आली आणि ती आत हसली. जिना उतरताना मागे वळली नाही. मीच शिकवलं होतं, जिन्यात पुढे बघून चालायचं.

उल्का

*

रिफा
७ सप्टेंबर २०२४

कस्तुरी,

आज गणपती बसले. मंडळात सगळे विचारतात, पूर्णिमा कुठेय. मी सांगते, आईकडे गेलीय. गौरव माझ्या नजरेला नजर देत नाही. शैलेंद्र आणि मी बोलतो, गॅस संपला, एसीवाला आला, एवढं बोलतो.

तुझा निरोप त्यानं वाचून दाखवला. पोरगी धडधाकट आहे, पळते, धाप लागत नाही. बरं झालं. आणि पुढे लिहिलंस, ‘ताई, माद्रिनानं मुलाला काहीतरी द्यायचं असतं. तू तिला सोडलंस, तेवढं आम्ही धरलं.’ मी सोडलं नाही, कस्तुरी. माझ्या हातून काढून घेतलंत. दिलं म्हणून गावात सांगू नकोस.

गाव पुन्हा जमणार आहे म्हणालीस, उरलेल्या माणसांनी उरलेले केस कापायला, आणि माद्रिना नसली तर तिची जागा रिकामी ठेवतात, तिच्या नावानं पेला भरून ठेवतात. मी येणार नाही. पेला सांडा तुमच्या आपुसमोर.

केस न्हाव्यानं झाडून टाकले नव्हते. गाडीत ती झोपली तेव्हा मुठीतून वेणी मी काढून घेतली. माझ्या कपाटात आहे, आईच्या शालूत गुंडाळून. अजून तेलाचा वास येतो, खोबरेल, मीच लावायचे. जावळ पाण्यात सोडायचं असतं हे मला समजतं. समुद्र इथे कुठूनही जवळ आहे. तू मागशील, पुढे कधी ती मागेल, विल्बर पुन्हा गाठोडं घेऊन दारात उभा राहील.

मी देणार नाही.

उल्का